लाईट गेली तर?

बोटाने उघडणारं कुलूप आम्ही धरणगावच्या दुकानात मांडलं, तेव्हा गिऱ्हाईक किमतीवर अडेल असं वाटलं होतं. ते अडलं लाईटवर. "भाऊ, लाईट गेली तर?" आजही कोणी आलं की आधी कुलूप तळहातावर घेऊन वजन जोखतं आणि मग हेच विचारतं. वजन जोखायची सवय जुनी आहे. वडील गल्ल्यावर बसायचे तेव्हा अलिगढचं पितळी कुलूप घ्यायला आलेला माणूस चावी फिरवायच्या आधी कुलूप हातात खालीवर करून बघायचा. हलकं लागलं की, "दुसरं दाखवा बापू."

लाईट गेली तर काही होत नाही. घराच्या दाराला लावतात त्या कुलपाचा आणि महावितरणचा संबंधच नाही. आत चार किंवा आठ पेन्सिल सेल असतात, त्यांच्यावर छोटी मोटर चालते आणि बोल्ट आत-बाहेर होतो. सेल संपले तर कुलूप असेल तसं राहतं. बंद असेल तर बंदच. लोकांच्या मनातली भीती दुसऱ्या जातीच्या कुलपाची असते, चुंबकावरच्या. त्यात वीज आहे तोवर लोखंडी पट्टी चुंबकाला चिकटून राहते, वीज गेली की दार सुटं. म्हणून तिथे पाठीशी बॅटरी लागते. उदाहरण द्यायचं तर मी शनी शिंगणापूरचं देतो. घरांना दारं नसलेलं गाव म्हणून ते प्रसिद्ध. तिथे जानेवारी २०११मध्ये युको बँकेने 'बिनकुलपाची' शाखा काढली. पुढे काचेचं दार, कुलूप कुठे दिसत नाही. पण दाराला रिमोटवर चालणारं चुंबकी कुलूप होतंच. शनिदेवाचा मान राहिला आणि बँकेचं कामही भागलं.

आमच्याकडे हे कुलूप घेणारा माणूस ठरावीक असतो. जुन्या गावातल्या घरांची दारं दोन फळ्यांची, त्यांना कडी-कोयंडाच शोभतो. तिथे हे बसतही नाही. नव्या कॉलन्यांमधली एका फळीची दारं, त्यातही निवृत्त मास्तर, बँकेतून रिटायर झालेले, पोरं पुण्याला, नाशिकला नाहीतर सुरतेला असलेले. बरेचदा कुलूप पोरगाच ऑनलाइन मागवतो आणि खोकं आमच्याकडे बसवायला येतं. दहा-बारा हजारांपासून पुढे कितीही किंमत.

बसवणं हे सुताराचं काम, इंजिनिअरचं नाही. दाराच्या जाडीत पटाशीने खोबण करून त्यात कुलपाचं धड बसवावं लागतं. दार पातळ असलं की खोबणीच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याएवढंच लाकूड उरतं. दारावर कुलूप झकपक दिसतं, पण टॉमी घालून एक हिसका दिला की कुलूप शाबूत आणि लाकूड फाटलेलं. चौकटीवरच्या पट्टीचंही तसंच. खोक्यात येणारे स्क्रू जेमतेम इंचभर असतात, ते चौकटीच्या वरच्या कातडीतच राहतात. मी ते बाजूला ठेवतो आणि तीन इंची लावतो, चौकट ओलांडून भिंतीत जातील असे. गिऱ्हाइकाला हे दाखवायला गेलं की त्याला कंटाळा येतो. त्याला ॲप बघायचं असतं.

बोटांचा विषय मात्र मला कुणी शिकवला नाही, तो इथेच शिकलो. एका घरी कुलूप बसवलं आणि घरातल्या सगळ्यांचे ठसे घ्यायला बसलो. नातवाचा अंगठा एका फटक्यात घेतला, सुनेचा घेतला. म्हाताऱ्या जिजींचा काही केल्या घेईना. अंगठा पुसला, ओला केला, जरा दाबून ठेवायला सांगितला, तरी लाल दिवा आणि टॅं टॅं. जिजींनी हात पुढे केला तेव्हा कारण दिसलं. आयुष्यभर कापूस वेचलेला हात. वाळलेल्या बोंडांची टोकं बोटांना ओरखडे पाडतात, त्यावर पुन्हा कष्टाचे घट्टे. अंगठ्यावरच्या रेषा झिजून जवळजवळ सपाट झालेल्या. रेशन दुकानातल्या मशीनवरही त्यांचा असाच खोळंबा होतो, हे सुनेने सांगितलं. जिजी ओट्यावर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मनंच घर, नि मालेच मझार येऊ देत नही!"

या कुलपातली काच बोटाच्या उंच-सखल रेषांमधला विजेचा बारीक फरक वाचते. कातडी कोरडी, राठ किंवा गुळगुळीत असली की तिला वाचायला काही मिळत नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा तरण्याताठ्यांचीही बोटं भाकरीसारखी कोरडी पडतात. चुन्यात, सिमेंटात हात असणाऱ्यांची तर बाराही महिने तीच गत. म्हणून मी अंगठ्यावर अडून बसत नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कामात कमी झिजतं, त्यांचे ठसे घेतो, एकच बोट दोन-तीनदा वेगवेगळं टेकवून नोंदवतो. जिजींचं शेवटी डाव्या करंगळीवर जमलं. तरी त्यांना एक कार्डही दिलं. ते त्यांनी कमरेच्या पिशवीत चंचीशेजारी ठेवलं, पूर्वी जिथे चावी असायची तिथेच.

नंबर टाकून उघडणं सोपं, पण नंबर निवडताना लोक हुशारी दाखवत नाहीत. निम्म्या घरांचा नंबर गाडीच्या पाटीवरचा, उरलेल्यांचा जन्मसाल किंवा लग्नाचं साल. धरणगावसारख्या गावात कोणाची मोटारसायकल कोणती आणि तिचा नंबर काय, हे चहाच्या टपरीवरही माहीत असतं. शिवाय हळदीच्या, पिठाच्या, तेलाच्या बोटांनी तेच चार आकडे रोज दाबले की काचेवर त्याच चार ठिकाणी डाग पडतात. कोणते चार हे कळलं तर उरतात फक्त २४ क्रम. पाच-सहा चुका झाल्या की कुलूप काही मिनिटं गप्प बसतं, हा आधार आहे, पण ज्याच्याकडे अख्खी रात्र आहे त्याला तेवढी मिनिटं काय! बऱ्याच कुलपांत एक चांगली सोय असते: खऱ्या नंबराच्या मागेपुढे वाटेल ते आकडे टाकले तरी दार उघडतं. शेजारी उभा असलेला माणूस गोंधळतो आणि डागही सगळीकडे पडतात. ही सोय कागदावर छापलेली असते, पण तो कागद कोणी वाचत नाही.

पावसाळ्यात वेगळंच सुरू होतं. पहिल्या दोन-तीन जोरदार पावसांनंतर दुकानात फोन यायला लागतात की कुलूप ओरडतंय. कुलपाला काही झालेलं नसतं. दार फुगलेलं असतं. चावीच्या कुलपात माणूस खांद्याने दार रेटतो आणि चावी फिरवतो, हाताला अंदाज असतो. मोटरला खांदा नाही. बोल्ट चौकटीच्या भोकाच्या कडेला घासतो, मोटर जोर करते, हरते, पुन्हा जोर करते, आणि महिनोन्महिने पुरायचे ते सेल चार दिवसांत बसतात. तेव्हा मी जाताना रंधा आणि कानस घेऊन जातो. दार थोडं तासायचं, पट्टीचं भोक थोडं मोठं करायचं, झालं. डिजिटल कुलपाची दुरुस्ती रंध्याने करतो म्हटल्यावर पुण्याहून आलेली पोरं हसतात.

सेल बसण्याचा खरा तमाशा एका उन्हाळ्यात रात्री झाला. एक निवृत्त गुरुजी आणि त्यांच्या बाई बरेच दिवस सुरतेला मुलाकडे राहून रात्रीच्या गाडीने परत आले. स्टेशनवरून रिक्षाने घरी, ओट्यावर सामान, आणि कुलूप ढिम्म. ना दिवा, ना आवाज. गुरुजींनी मला फोन केला. गेलो तर बाई ट्रंकेवर बसून पदराने वारा घेत होत्या. सुरतेला निघताना कुलूप किणकिणलं होतं, पण बाईंना वाटलं दार नीट लागलं नाही म्हणून वाजतंय. त्यांनी ते ओढून पुन्हा लावलं. ती सेल संपत आल्याची सूचना होती. आत सेलही कोणते, तर भिंतीवरच्या घड्याळात घालतात ते स्वस्तातले. घड्याळाला थेंबथेंब वीज लागते, त्याला ते वर्षभर चालतात. मोटरला एकदम घोट लागतो, तो त्यांच्यातून निघत नाही. तिथे अल्कलाइनच हवेत, आणि चारही एकदम नवे.

"गुरुजी, सोबत चावी आली होती ना, ती कुठंय?"

"कपाटात. लॉकरात ठेवली आहे, हरवू नये म्हणून."

बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मी कुलपाकडे.

त्या कुलपाच्या खालच्या बाजूला दोन धातूचे टिकले असतात. त्यांना नऊ व्होल्टचा चौकोनी सेल टेकवून धरला की तेवढ्यापुरती वीज मिळते आणि नंबर टाकता येतो. (नव्या कुलपांत त्या जागी मोबाइलच्या चार्जरची पिन बसते, ते फार बरं झालं.) पण रात्री अकराला धरणगावात चौकोनी सेल कुठे मिळणार? पलीकडच्या गल्लीत हळद होती, साउंडवाला गाणी वाजवत होता. त्याच्या बिनवायरच्या माइकात तोच सेल असतो. त्याने एका गाण्यापुरता दिला आणि सोबत एक पोरगा पाठवला, सेल परत आणायला. मी खालून सेल दाबून धरला, गुरुजींनी टॉर्चच्या उजेडात नंबर टाकला, मोटर कुरकुरली आणि दार उघडलं. बाई आत गेल्या त्या सरळ कपाटाकडे. चावी काढली आणि माझ्यासमोर शेजारच्या वहिनींकडे नेऊन दिली. ती आता त्यांच्या खिळ्याला आहे.

ॲपवरच्या, इंटरनेटला जोडलेल्या कुलपांबद्दल माझं मत जरा तिखट आहे. लाईट गेली तर बोट चालतं, पण वायफायचा डबा बंद पडतो आणि सुरतेहून दार उघडून द्यायची सगळी करामत तिथेच संपते. एका घरी मुलगा रोज संध्याकाळी फोन करून, "आई, साडेसहाला दार उघडलं, कुठे गेली होतीस?" असं विचारायला लागला. आईने मला बोलावून ते 'सुरतेचं कनेक्शन' काढून टाकायला लावलं. दूरवर तर याहून मोठे घोळ झालेत. ऑगस्ट २०१७मध्ये लॉकस्टेट या अमेरिकन कंपनीने आपल्या कुलपांना इंटरनेटवरून नवं सॉफ्टवेअर पाठवलं, ते चुकून दुसऱ्याच मॉडेलचं निघालं आणि ५००च्या आसपास कुलपांचं नंबराचं पॅनेल निकामी झालं. त्यात भाड्याने दिलेली बरीच घरं होती. सोबतची साधी चावी होती म्हणून लोकांचं निभावलं. त्याच्या आदल्या वर्षी लास वेगासच्या डेफकॉन मेळाव्यात दोन संशोधकांनी ब्लूटूथवर चालणारी १६ कुलपं तपासल्याचं सांगितलं. १२ उघडता आली. काही तर पासवर्ड उघड्यावर हवेत सोडत होती. म्हणून कोणी विचारलं तर मी सांगतो, बोट, नंबर आणि चावी एवढंच असलेलं घ्या. लांबून उघडायचं दार कशाला हवं?

तरी या कुलपाचा एक गुण मला मनापासून पटतो, आणि तो जाहिरातीत नसतो. ते बाहेर लोंबत नाही. आमच्याकडच्या पेपरात घरफोडीची बातमी वर्षानुवर्षं एकाच वाक्याने सुरू होते: बंद घराचा कडी-कोयंडा तोडून. चोराला कुलूप उघडण्याची विद्या लागतच नाही. कोयंड्याला लोंबणारं कुलूप हीच त्याच्यासाठी पाटी असते, घरात कोणी नाही म्हणून. तो कुलपाला हात न लावता कोयंडा उचकटतो. म्हणूनच लग्नसराईत आणि दिवाळीत पोलीस सांगतात, गावाला जाताना शेजाऱ्यांना सांगून जा. नव्या कुलपाने ती पाटी काढून टाकली. पण ती जशी चोराची गेली तशी शेजाऱ्यांचीही गेली. पूर्वी समोरच्या वहिनी कुलूप बघून पाहुण्याला परस्पर सांगायच्या, ते अमळनेरला गेलेत, उद्या या. आता पाहुणा बेल दाबत उभा राहतो आणि वहिनींनाही पत्ता नसतो.

चोराची पाटी गेली म्हणजे चोर गेला असं मात्र नाही. आमच्या एका गिऱ्हाइकाच्या घरी दोन वर्षांनी चोरी झाली. सकाळी मालकांचा फोन, आवाज चढलेला: "तुमच्या सोळा हजारांच्या कुलपाचा काय उपयोग?" गेलो तेव्हा पोलिसांचा पंचनामा चालू होता. समोरचं कुलूप जसंच्या तसं, एक ओरखडा नाही. हवालदारांनी ॲपमधली यादी बघितली. मालक स्वतः गावाला गेले ती शेवटची नोंद, त्यानंतर दार उघडल्याची खूण नाही. चोर मागून आले होते. मोरीच्या बाजूचं पत्र्याचं दार, दोन बिजागऱ्या आणि आतून बोटाएवढी कडी. ती वाकवायला त्यांना किती वेळ लागला असेल कोण जाणे.

मालक निवळल्यावर आम्ही ते पत्र्याचं दार काढलं. लोखंडी चौकट भिंतीत गाडली, जाड दार, तीन बिजागऱ्या, वर-खाली टावर बोल्ट आणि मधे आतून आडवा लोखंडी अडसर घातला. सगळं मिळून समोरच्या कुलपाच्या निम्म्यातही आलं नाही. जिन्याच्या दाराचं मापही घेऊन आलो आहे, ते पुढच्या आठवड्यात.