आईचे बोट

हे आम्ही दोघी बहिणींनी मिळून लिहिले आहे. अक्षर धाकटीचे, शुद्धलेखन थोरलीने तपासले, आणि चूक दोघींची आहे. चूक कोणती ते आधीच सांगतो.

२०२५ सालचा मार्च महिना होता. रेशनकार्डावर ज्यांची ज्यांची नावे आहेत त्या प्रत्येकाने ई-केवायसी करायची होती, म्हणजे दुकानात जाऊन यंत्रावर बोट ठेवायचे आणि आपण आपणच आहोत हे सिद्ध करायचे. नाही केले तर नाव कमी होईल, अशी वस्तीत धास्ती पसरली होती. एरवी धान्य उचलायला घरातल्या कोणा एकाचा अंगठा पुरतो. या वेळी मात्र ज्याचे बोट त्यानेच ठेवायचे होते. आमच्या कार्डावर आजी, आई आणि आम्ही दोघी अशी चार नावे. माणशी ५ किलोप्रमाणे महिन्याला २० किलो धान्य. बाबा गेल्यापासून भाडे, फी आणि आजीच्या गोळ्या हे सारे आईच्या चार घरच्या धुण्याभांड्यांवर चालते. तेव्हा या २० किलोंचे मोल वाचकांना समजावून सांगायला नको.

आमची दोघींची बोटे झटक्यात लागली. आजीचे तिसऱ्या खेपेला लागले. आईचे काही केल्या लागेना. उजवा अंगठा झाला, डावा झाला, मग एकेक करून दहाही बोटे झाली. दुकानदार बरा माणूस, त्याने ओले फडके पुढे केले. मागे चाळीसएक माणसांची रांग, डोक्यावर ऊन, आईला पुढच्या घरची भांडी गाठायची घाई. आणि आम्ही तिच्या शिकल्यासवरलेल्या मुली भर रांगेत तिच्यावर खेकसलो, "अगं आई, नीट ठेव ना! जरा दाब! एवढेसुद्धा जमत नाही का तुला?"

आई काही बोलली नाही. पदराला हात पुसले, रांगेतून बाजूला झाली आणि तशीच कामावर गेली.

रात्री आजीने आम्हाला फैलावर घेतले. आजी जालन्याकडची. तिचे बोलणे सुरू झाले की मध्ये बोलायची सोय नसते. "अंगठा, अंगठा! त्या अंगठ्यापायी तर म्या पोरं झाल्यावर पाटी धरली!" मग तिने जी गोष्ट सांगितली ती आम्ही तुकड्या-तुकड्यांनी पूर्वी ऐकली होती, पण नीट ऐकली नव्हती. आजोबांनी एका दुष्काळात ज्वारीच्या पोत्यासाठी सावकाराच्या कागदावर अंगठा दिला होता. कागदावर काय लिहिले आहे ते घरात कोणालाच वाचता येत नव्हते. पोत्याचे पैसे पुढे कितीतरी वर्षे फिटलेच नाहीत. १९८८ साली देशात राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झाले. त्यानंतर केव्हातरी गावात रात्रीचा वर्ग निघाला, तेव्हा आजी दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपून रात्री कंदिलाच्या उजेडात जाऊन बसू लागली. नाव लिहायला तिला तीन महिने लागले. तेव्हापासून कोणी शाईचा पॅड पुढे केला की आजी तो मागे सारते आणि पेन मागते.

रेशनच्या यंत्रासमोरही तिने आधी हेच विचारले होते, "सही चालंल का?" रांगेतली माणसे हसली होती. आम्हीही हसलो होतो.

ज्याला लिहिता येत नाही त्याला आपल्याकडे अंगठेबहाद्दर म्हणतात. ते बिरूद पुसण्यासाठी आमच्या आजीच्या पिढीने किती रात्री घालवल्या! आणि आता नातींनी विज्ञान शिकावे, तर त्यांच्याच घराला पुन्हा अंगठा दाखवायला रांगेत उभे राहावे लागते. (एकलव्याची गोष्ट इथे मुद्दाम सांगत नाही. ती वाचकांना आमच्याहून चांगली ठाऊक आहे.)

आईचे बोट का लागत नाही, हे खरे तर आम्हाला तिथेच कळायला हवे होते. धाकटीची बारावीची परीक्षा नुकतीच संपली होती, आणि भौतिकशास्त्राच्या पुस्तकात पूर्ण आंतरिक परावर्तन तिने पाठ करून लिहिलेले होते. अशा बऱ्याच यंत्रांत आत काचेचा लोलक असतो. आतून आलेला प्रकाश काचेवरून परत फिरतो. पण बोटाचे कंगोरे काचेला जिथे टेकतात तिथे तो पूर्ण परत फिरत नाही, म्हणून कंगोऱ्यांच्या रेषा काळ्या दिसतात आणि मधल्या खाचा उजळ. तोच ठसा. आता ज्या हाताने आधी बिगारीत सिमेंट-चुना कालवला आणि पुढे रोज चार घरची भांडी पावडर आणि तारेच्या घासणीने घासली, त्या बोटाचे कंगोरे झिजणारच. कातडी कोरडी पडली, चिरा पडल्या, की ती काचेला नीट टेकतही नाही. म्हणजे आई बोट नीटच ठेवत होती.

थोरलीने मग कॉलेजच्या वाचनालयात आणखी शोधले. या बोटांच्या ठशांचा सरकारी कारभार आपल्याच देशात सुरू झाला हे आम्हाला माहीत नव्हते. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या ठेकेदाराच्या करारावर त्याच्या हाताचा ठसा घेतला. पुढे १८७७ साली हुगळीला पेन्शनरांचे ठसे घेणे त्याने सुरू केले. १८९७ साली कलकत्त्याला ठशांची कचेरी निघाली. लाखो ठशांतून एक ठसा शोधायचा कसा, याचे गणित अझीझुल हक यांनी बसवले, ठशांची १०२४ खान्यांत वाटणी केली. हेमचंद्र बोस यांनीही त्यात मोठे काम केले. पण पद्धतीला नाव पडले त्यांच्या साहेबाचे, एडवर्ड हेन्रीचे. जगभर ती हेन्री पद्धत म्हणूनच ओळखली जाते. हे वाचून आम्हाला नवल वाटले नाही.

आणखी एक गोष्ट सापडली, ती मात्र आया-बहिणींनी लक्षात ठेवण्यासारखी. २६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आधारच्या खटल्यात निकाल देताना स्पष्ट केले आहे, की ठसा जुळला नाही म्हणून कोणाचा हक्काचा लाभ बंद करता येणार नाही, ओळख दुसऱ्या मार्गाने पटवून घ्यावी. आम्ही ते कागदावर उतरवून दुकानदाराला दाखवले. तो म्हणाला, "ताई, तुमचे बरोबर आहे, पण यंत्राला हे कोण सांगणार?"

आधार केंद्रावरच्या मुलाने सांगितले, आठ दिवस हाताला आराम द्या, रात्री व्हॅसलीन लावा, रेषा वर येतील. आठ दिवस आराम! हे ऐकून आई हसली. तेव्हा आम्ही ठरवले, तिच्या बदली आपण जायचे. एका घरी बदली चालणार नाही म्हणाल्या, तिथले आठ दिवसांचे पैसे बुडाले. बाकी तीन घरे आम्ही वाटून घेतली. सकाळी साडेसहाला पहिले घर. कढईचा तळ निघता निघत नाही, नळाला धार नाही, आणि बेसिनची उंची अशी की पाठ मोडून येते. एका घरी काय शिकता म्हणून कौतुकाने चौकशी झाली, मग आडनाव विचारले. आम्ही सांगितले. पुढे कोणी काही विचारले नाही. चौथ्या दिवशी नखांच्या कडेची कातडी सोलून निघाली आणि भाजीत मीठ घालताना बोटे झोंबू लागली. हे काम आई चौदा वर्षे करते आहे, आणि आम्ही तिला कधी विचारलेसुद्धा नव्हते की हात दुखतात का.

आई मात्र घरात बसून कावली होती. दोनदा आम्ही तिला चोरून भांडी घासताना पकडले.

नवव्या दिवशी पुन्हा रांगेत गेलो. या वेळी आम्ही मागे उभ्या राहिलो, तोंड बंद ठेवून. सात बोटे नाही म्हणाली. आठव्याला, डाव्या हाताच्या मधल्या बोटाला, यंत्रावर आईचे नाव उमटले. आजीने काठी टेकत पुढे येऊन, नाव बरोबर लिहिले आहे का, ते आम्हाला मोठ्याने वाचायला लावले.

त्या रात्री थोरलीने फोन उघडायला अंगठा ठेवला. फोन उघडेना. आमच्या दोघींत एकच फोन, त्यात धाकटीचाही अंगठा नोंदवलेला. तिने ठेवून पाहिला, तरी उघडेना. आई शेजारी बसून हाताला खोबरेल तेल चोळत होती. तिने एकदा आमच्याकडे पाहिले आणि म्हणाली, "नीट ठेवा ना गं. एवढेसुद्धा जमत नाही का तुम्हाला?" आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली.