कुंपणाआतलं गवत

मनालीकडून अटल बोगद्यात शिरेपर्यंत दोन्ही अंगांना देवदार असतात. नऊ किलोमीटरनंतर पलीकडच्या तोंडाने बाहेर पडलं की डोंगर उघडे होऊ लागतात. पावसाळी वारे पीर पंजालच्या भिंतीला थडकून अलीकडेच रिते होतात. महाबळेश्वरहून वाईमार्गे माण-खटावकडे उतरणाऱ्याला पर्जन्यछाया समजावून सांगावी लागत नाही. इथे त्या छायेवर चार हजार मीटरची उंची आणि उणे तीसपर्यंत जाणारा हिवाळा चढवलेला आहे. कोकसर, ग्राम्फू, छत्रू, बातल अशी चंद्रा नदीची सोबत करत, दगडगोट्यांतून खडखडत रस्ता कुंझुमच्या खिंडीवर चढतो आणि स्पितीत उतरतो. लोसर गाव येईपर्यंत झाड म्हणून दिसत नाही. अशा रिकाम्या दिसणाऱ्या जमिनीबद्दल आपल्याकडे दोन मतं तयारच असतात. एक, तिचा काहीतरी उपयोग करून घ्यावा. दुसरं, तिला कुंपण घालून निवांत सोडावं, म्हणजे ती आपोआप सावरेल. पहिल्या मताचा समाचार पुष्कळांनी घेतला आहे. मला दुसऱ्याबद्दल बोलायचं आहे. ते सज्जन मत आहे, म्हणून कोणी तपासत नाही, आणि स्पितीत साठत गेलेला पुरावा त्याच्या बाजूने नाही.

स्पितीतल्या काझाहून किब्बर गावाकडे चढताना डाव्या-उजव्या उतारांवर नीट पाहिलं तर करड्या रंगात पिवळट-हिरवे ठिपके दिसू लागतात. गवताचे झुबके, जमिनीला चिकटून उशीसारखी वाढणारी काटेरी झुडपं, मध्ये उघडी माती. झाडोऱ्याला वाढायला मिळतात ते मे ते ऑगस्टचे जेमतेम महिने. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर याक, घोडे, मेंढ्या, शेळ्या, गाढवं जगतात आणि त्यांच्याच कुरणांवर भरल नावाची रानमेंढी जगते. पिन नदीच्या बाजूला तिची जागा आयबेक्स घेतो. या सगळ्यांवर हिमबिबट्या आणि लांडगा. शेजारच्या लांग्झा गावाभोवती टेथिस समुद्रातल्या जीवांचे जीवाश्म सापडतात. फर्डिनांड स्टोलिच्का या भूवैज्ञानिकाने 1860च्या दशकातच स्पितीच्या खडकांचे थर वाचून काढले. म्हणजे खालच्या दगडाची चौकशी दीडशे वर्षांपूर्वी झाली, त्यावरच्या वीतभर मातीची मात्र परवा-परवा सुरू झाली.

ती चौकशी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या सुमंत बागची यांच्या गटाने इथल्या कुरणांवर केली. पद्धत अगदी साधी. काही तुकड्यांना कुंपण घातलं, जनावरं आत येणार नाहीत असं केलं. शेजारचे तसेच तुकडे चराईला मोकळे ठेवले. आणि 2006 ते 2021 अशी वर्षानुवर्षं दोन्हींकडची माती तपासली. 2022 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की कुंपणाआतल्या मातीतल्या सेंद्रिय कर्बाचे दरवर्षीचे चढउतार मोकळ्या तुकड्यांपेक्षा 30 ते 40 टक्क्यांनी जास्त होते. जनावरं गेली आणि मातीचा तोल बिघडला. जगभरच्या गवताळ प्रदेशांच्या मातीत 500 अब्ज टनांहून अधिक कर्ब आहे, हे ध्यानात घेतलं की किब्बरच्या माळावरच्या या हेलकाव्यांकडे बघण्याची नजर बदलते.

असं का व्हावं? संशोधकांना त्यात नत्राचा मोठा हात दिसला, आणि तो समजायला थंड वाळवंटाची अडचण समजून घ्यावी लागते. आपल्याकडे पाचोळा पडला की एका पावसाळ्यात त्याची माती होते. इथे कुजवणाऱ्या जिवाणूंना ऊब असते तेव्हा ओल नसते आणि ओल असते तेव्हा ती गोठलेली असते. वाळलेलं गवत उभंच राहतं, त्यातलं नत्र अडकून पडतं. याकच्या किंवा भरलाच्या पोटात मात्र बाराही महिने ऊब आणि ओल दोन्ही असतात. जमिनीला जे काम वर्षानुवर्षं जमत नाही ते जनावराचं पोट काही दिवसांत उरकतं आणि शेण-मुतातून नत्र परत देतं. कुंपणामुळे आपण जमिनीला विश्रांती देत नाही, तिचा कामकरी काढून घेतो.

मराठी वाचक इथे हिवरेबाजारचं नाव घेईल, आणि घ्यावंच. तिथे चराईबंदी केली, कुऱ्हाडबंदी केली, आणि डोंगर हिरवे झाले; मग स्पितीतच चराई गुणकारी कशी? माझ्या मते दोन्ही गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत. हिवरेबाजारात मोकाट चराई थांबली, तरी गवत कापून जनावरांना घातलं जातं, आणि शेण शेतात जातं. शिवाय तिथे पावसाळ्यात कुजण्याचं काम जमीन स्वतः करू शकते. धूप झालेल्या दख्खनच्या उतारावर लागू पडलेला उपाय चार हजार मीटरवर जसाच्या तसा उचलून नेला, तर तो उपाय राहीलच असं नाही. दुसरा आक्षेप असा, की कर्ब वरखाली झाला तर झाला, सरासरी सारखीच असेल तर नुकसान कोणाचं? पण वाईट वर्षी हवेत गेलेला कर्ब चांगल्या वर्षी पुरता परत येईल याची हमी कोणी दिलेली नाही, आणि पावसाचं गणित बिघडत चाललेल्या काळात डगमगणारा साठा हा कमजोर साठाच म्हणायचा.

खरा अवघड आक्षेप वेगळा आहे: जनावरं हवीत, तर गावाचे कळप वाढू द्यायचे का? इथे स्पितीतलाच पुरावा उलट बाजूने बोलतो. संशोधक चारुदत्त मिश्रा आणि सहकाऱ्यांनी 2004 साली दाखवलं, की पाळीव जनावरांची दाटी जास्त असलेल्या भागात भरलांची संख्या निम्म्याहूनही खूप कमी होती आणि माद्यांमागे पिल्लंही कमी होती. चारा मोजकाच आहे. एकाने खाल्ला की दुसऱ्याला उरत नाही. मग भरलांऐवजी मेंढ्या चरल्या तर मातीला काय फरक पडतो, हा प्रश्न बागचींच्या गटाने 2023च्या अभ्यासात घेतला. फरक पडतो. पाळीव जनावरं चरतात तिथल्या मातीतले सूक्ष्मजीव मिळालेला कर्ब साठवण्यात सुमारे 19 टक्के कमी पडतात, आणि त्या मातीत टेट्रासायक्लिनसारख्या पशुवैद्यकीय प्रतिजैविकांचा अंश आढळला. आजारी मेंढीला दिलेलं औषध लेंडीवाटे कुरणात उतरतं आणि तिथल्या जिवाणूंचंही कामकाज बदलतं. इतक्या थंडीत हे अंश लवकर विरून जात नाहीत.

म्हणून ‘चराई चांगली की वाईट’ हा प्रश्नच मला इथे बिनकामाचा वाटतो. कोण चरतं, किती चरतं आणि त्याच्या पोटातून काय बाहेर पडतं, हे विचारावं लागतं. तेही माणसांना वगळून विचारता येत नाही. 1997च्या एका अभ्यासात किब्बर अभयारण्याजवळच्या तीन गावांतल्या 80 कुटुंबांनी अठरा महिन्यांत 189 जनावरं हिमबिबट्या-लांडग्यांनी मारल्याचं सांगितलं होतं. म्हणजे एकूण कळपाच्या 18 टक्के. एवढी झळ सोसणाऱ्याला कर्बाचं व्याख्यान देण्यात अर्थ नसतो. किब्बरकरांनी तरीही आपल्या कुरणातला सुमारे 5 चौरस किलोमीटरचा तुकडा पाळीव जनावरांसाठी बंद करायला संमती दिली. त्या तुकड्यावर भरल वाढले, आणि नुकसान सोसण्यासाठी गावाचा पशुविमाही उभा राहिला. ही बंदी सरसकट कुंपणासारखी नाही. तिथे चरणारे आहेतच, फक्त ते बदलले आहेत.

चिचमच्या पुलावर पर्यटक खोल घळीत डोकावून फोटो काढतात, त्याच्या वरच्या अंगाला हीच कुरणं आहेत. हा सगळा प्रदेश 2009पासून शीत वाळवंट जीवावरण राखीव क्षेत्रात येतो, सुमारे 7,770 चौरस किलोमीटरचा, आणि 2025मध्ये युनेस्कोच्या जागतिक जाळ्यात त्याचा समावेश झाला. नकाशावर रेघ मारण्याचं काम झालं. पण मातीतल्या कर्बाचे हेलकावे मोजायचे तर अनेक वर्षांचे आकडे ओळीने लागतात. बागचींच्या गटाचा कुंपणाचा प्रयोग दोन-तीन वर्षांत गुंडाळला असता, तर एखाद्या ओल्या वर्षाचं भरघोस गवत पाहून कुंपणाचा जयजयकार करणारा अहवाल निघाला असता. आपल्याकडे संशोधनाला पैसा मिळतो तो बहुधा तीन किंवा पाच वर्षांच्या बोलीवर. राखीव क्षेत्राच्या आराखड्यात रस्ते, फलक आणि पर्यटक केंद्रांच्या आधी कुंपणाच्या या खांबांची, मातीच्या नमुन्यांची आणि काझाच्या पशुवैद्यकांच्या औषधनोंदींची पुढच्या वीस वर्षांची तरतूद व्हायला हवी.