थोरल्या दवाखान्यातील सूर्यास्तापूर्वीची गोळी

कोल्हापुरात टाऊन हॉलसमोरच्या दगडी इमारतीला जुनी माणसे अद्याप ‘थोरला दवाखाना’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात ती उभी राहिली, तेव्हा ब्रिटिश युवराजाच्या नावावरून तिला अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल हे नाव मिळाले. आज ते छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजेच सी.पी.आर. या शतकाच्या आरंभी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्याला जोडले गेले आणि दवाखान्याची शाळाही झाली. शाळा झाल्याने रुग्णाचे काय हित होते, हे आमच्या घराला अलीकडे प्रत्यक्ष पाहावयास मिळाले.

आमच्या आजोबांना १९७४ च्या उन्हाळ्यात पक्षाघात झाला. शिरोळ तालुक्यातले आमचे गाव. सकाळी तोंड वाकडे झाले, उजवा हात लुळा पडला. ‘वारे गेले’ एवढेच निदान. शेजारच्या एका सद्गृहस्थांनी पारव्याचे रक्त चोळण्याचा उपाय सुचविला. आजोबांना बोलता येत नव्हते, तरी डाव्या हाताने त्यांनी तो ठामपणे नाकारला. दुसऱ्या जीवाचे रक्त सांडून आपला हात हलावा, हे त्यांना मान्य होणे शक्यच नव्हते. आणि खरे सांगायचे तर त्या रक्ताने हात हललाही नसता. पुढची सहा वर्षे ते ओसरीवरच्या खाटेवर होते आणि आजीची सहा वर्षे त्या खाटेभोवती गेली.

मेंदूचे छायाचित्र घेणारे सी.टी. स्कॅनचे यंत्र लंडनच्या एका रुग्णालयात १९७१ सालीच रुग्णासाठी वापरले गेले होते; आमच्या गावापर्यंत त्याची वार्ताही नव्हती. आज पक्षाघाताच्या उपचाराची पहिली पायरी तेच छायाचित्र होय. कारण मेंदूतील रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली की फुटून रक्तस्राव झाला, हे बाहेरून कळत नाही. आणि दोहोंचे उपचार परस्परविरुद्ध आहेत. म्हणूनच घरी कोणी हितचिंतकाने ‘रक्त पातळ करणारी गोळी द्या’ म्हटले, तरी ती देऊ नये. गुठळी असेल, तर ती विरघळविणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मोठ्या वाहिनीतील गुठळी तारेने ओढून काढण्याची पद्धत २०१५ नंतर जगभर मान्यता पावली. निवडक रुग्णांत ती चोवीस तासांपर्यंतही उपयोगी पडते. उपचाराविना दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी नष्ट होतात, असा हिशेब एका अमेरिकन वैद्याने २००६ साली मांडला. चंदगड कोल्हापुरापासून शंभर किलोमीटरहून दूर आहे. तिकडच्या माणसाने ‘संध्याकाळपर्यंत वाट पाहू’ असे म्हटले, तर उरते काय? त्यांना बेळगावच जवळ. तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे बोबडे, यांपैकी एकही दिसले तर १०८ क्रमांक फिरवावा आणि घड्याळात किती वाजले ते लिहून ठेवावे. डॉक्टर सर्वप्रथम तेच विचारतात.

आता हृदयाची गोष्ट. आमचे थोरले चुलत बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणतो, गतवर्षी छातीतील कळेने सी.पी.आर.मध्ये दाखल झाले. झ्युरिकमध्ये १९७७ साली डॉ. ग्रुंटझिग यांनी फुग्याने हृदयाची रोहिणी प्रथम उघडली. तीच विद्या आता मनगटातून नळी घालून, स्टेंट बसवून, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून शेतकऱ्याच्या पदरी पडते. दादांची अँजिओप्लास्टी झाली. दिवसभर व्हरांड्यात सतरंजी अंथरून बसलेले नातेवाईक, केसपेपरची रांग, गर्दी, हे सारे तेथे आहे आणि ते सुसह्य असते असे मी म्हणणार नाही.

परंतु दुसऱ्या दिवशी जे घडले, ते मोठ्या शुल्काच्या खोलीत घडले असते की नाही, याची मला शंका आहे. एक निवासी डॉक्टर, वयाने आमच्या मुलीएवढी, सकाळच्या राउंडपूर्वी दादांची सविस्तर हकिगत लिहून घेत होती. वरिष्ठ प्रश्न विचारतील, म्हणून तिचेही प्रश्न संपत नव्हते. ‘रक्तदाबाची गोळी रोज घेता?’ ‘घेतो.’ ‘रात्री किती वाजता?’ दादा गप्प. मग हळूच म्हणाले, ‘ताई, आमचा रात्रीभोजनत्याग आहे. सूर्यास्तानंतर पाणीही नाही.’ म्हणजे रात्रीची गोळी तीन वर्षे डबीतच होती! वहिनी ती दर महिन्याला निष्ठेने विकत आणीत होत्या.

ती मुलगी रागावली नाही. राउंडमध्ये तिने हे वरिष्ठांपुढे मांडले. त्यांनी विद्यार्थ्यांनाच विचारले, ‘यांतली कोणती गोळी दिवसा देता येईल?’ पाच-सहा मिनिटे दादांच्या खाटेभोवती त्यावर चर्चा झाली. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या दुपारच्या जेवणानंतर, कोलेस्टेरॉलची व रक्तदाबाची सूर्यास्तापूर्वी, अशी नवी मांडणी झाली. कागदावर वेळेच्या रकान्यात तिने आकडा न लिहिता ‘सूर्यास्तापूर्वी’ असे मराठीत लिहिले. कारण आपल्याकडे पौषात सहाच्या सुमारास मावळणारा सूर्य आषाढात सातनंतर मावळतो. स्टेंटनंतर या गोळ्या एक दिवसही मनाने बंद करावयाच्या नाहीत, आणि पर्वकाळातील उपवास करावा की नाही हे आधी विचारावयाचे, एवढी ताकीद मात्र तिने तीनदा दिली. दादांच्या व्रताला कोठेही बाधा आली नाही.

आपल्या समाजात अशी किती घरे असतील? व्रत डॉक्टरांपासून लपविले जाते आणि चुकलेली गोळी घरच्यांपासून. विचारले तर बहुधा वाट निघते. न विचारता ती कोणीच दाखवू शकत नाही.

आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांपैकी आहारदानाच्या पाट्या आपल्या मंदिरांत पुष्कळ आहेत. शस्त्रक्रियेचा मोठा खर्च योजनेतून भागतो, परंतु त्यानंतर वर्षभराच्या गोळ्यांचा भार बहुतेकदा घरावर येतो, आणि शेतमजुराच्या घरी चौथ्या-पाचव्या महिन्यात त्या थांबतात. आमच्या मंदिराच्या सभेत दादांनीच सुचविले की औषधदानाच्या निधीतून दोन रुग्णांच्या वर्षभराच्या गोळ्यांची व्यवस्था करावी. रुग्ण कोणत्याही जातिधर्माचा असो. खजिनदारांनी विचारले, ‘पाटीवर काय लिहावयाचे?’ त्यावर पुढच्या सभेत बोलू असे ठरले. पहिल्या महिन्याचे पैसे मात्र त्याच दिवशी जमले.