पोट आणि हनुवटी

मुष्टियुद्ध शिकविणाऱ्या माणसाला जे प्रश्न वारंवार विचारले जातात, त्यांत 'मुलांना मार सोसायला कसे शिकविता?' हा प्रश्न अग्रभागी असतो. आणि कुस्तीचा हौदा व तालमीचा वस्ताद यांविषयीचा आदर ज्या गावातून अद्याप मावळलेला नाही अशा सिन्नरात तो विचारणाऱ्याच्या मनात, देह एकदा कमावला की तो सर्वांगाने कमावला जातो, अशी श्रद्धा दडलेली असते. त्या श्रद्धेचा अर्धा भाग खरा आहे. उरलेल्या अर्ध्याने किती उमद्या पोरांचे नुकसान केले याची मोजदाद कोणत्याही दप्तरात सापडावयाची नाही.

खरा भाग पोटाचा. आमच्याकडे येणारी पोरे मुसळगाव-माळेगावच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या कामगारांची, कांदा पिकविणाऱ्या शेतकऱ्यांची, विड्या वळून संसार चालविणाऱ्या मातांची. कष्ट त्यांच्या अंगाला नवे नसतात. गोंदेश्वराच्या देवळापर्यंतची पहाटेची धाव, जोर-बैठका आणि दोरीवरच्या उड्या यांनी बरगड्यांखालचा स्नायूंचा पट्टा आवळून आला, की मी मेडिसिन बॉल काढतो. पोरगा उताणा निजतो, जोडीदार त्याच्या दोहों बाजूंना पाय टाकून उभा राहतो आणि तो जड चेंडू त्याच्या पोटावर सोडतो. पाहणाऱ्याला वाटते, कातडी निबर करण्याचा हा उद्योग आहे. वस्तुतः शिकवावयाचा असतो तो श्वास. चेंडू पोटाला लागतो त्याच क्षणी, दात मिटलेले ठेवून, नाकातून तुटक उच्छ्वास सोडला तर पोटाच्या भिंती आपोआप ताठरतात आणि आतला दाब बाहेरच्या आघाताला अडवून धरतो. तोच आघात श्वास आत घेताना बसला तर श्वासपटल आखडते आणि पोरगा तोंड उघडून हवा शोधत राहतो. पलटणीतले माझे उस्ताद पाठ फिरवून उभे असले तरी केवळ आवाजावरून कोणाचा श्वास उशिरा सुटला हे ओळखीत असत. पुढे कित्येक वर्षांनी ते मलाही ऐकू येऊ लागले.

तथापि पोटाच्या प्रदेशातही एक जागा अशी आहे की जिच्यापुढे सारी कमाई फोल ठरते. उजव्या बरगड्यांच्या आड यकृत असते. कोपर किंचित वर उचलले गेल्याची संधी साधून प्रतिस्पर्ध्याचा डावा हुक तेथे अचूक बसला, तर क्षणभर काहीच होत नाही. पोरगा एखादे पाऊल पुढेही टाकतो, आणि मग एकाएकी त्याचे गुडघे जमिनीला टेकतात. शुद्ध पूर्ण असते, पंचांची मोजणी ऐकू येत असते, उठण्याची इच्छाही असते, परंतु देह हुकूम मानीत नाही. २००४ साली लास व्हेगास येथे बर्नार्ड हॉपकिन्सच्या अशाच ठोशाने ऑस्कर दे ला होयासारखा नामांकित योद्धा नवव्या फेरीत कोसळला आणि दहा अंक मोजून होईपर्यंत उठू शकला नाही. अशा रीतीने खाली बसलेल्या पोराला कोणी भित्रा म्हटले की मला मनस्वी संताप येतो. कोपर बरगडीपाशी ठेवण्याची सवय अंगी मुरविणे, हाच त्यावरचा बंदोबस्त.

हनुवटीची कैफियत मात्र मुळातच निराळी आहे. मेंदू कवटीत द्रवावर तरंगत असतो; हनुवटीवर आडवा बसलेला ठोसा मस्तकाला गरकन फिरवितो, कवटी आधी वळते, मेंदू मागाहून, आणि त्या ओढाताणीत त्याचे सूक्ष्म तंतू ताणले जातात. पोटाचा स्नायू श्रमाने आणि विश्रांतीने बळावतो. मेंदूच्या ठायी असे बळावण्याजोगे काही नाही. पोरांच्या जबड्यावर रोज थोडे थोडे मारून तो 'पक्का' करण्याची जी वहिवाट काही ठिकाणी अजून चालू आहे, ती यास्तव केवळ निरुपयोगी नव्हे, घातक आहे. मान बळकट करता येते, आणि तेथे डोके मातीत टेकवून अंगाची कमान करणाऱ्या मल्लांची विद्या आम्हांला मोलाची वाटते. हनुवटी खाली ओढून खांद्याच्या आड ठेवता येते. माउथगार्डवर दात आवळता येतात. परंतु या सर्वांहून श्रेष्ठ साधन म्हणजे ठोसा दिसणे. दिसलेला ठोसा पोहोचेपर्यंत मान आवळली जाते, मस्तक त्याच्याच दिशेने किंचित सरकते आणि बराचसा जोर वाया जातो. न दिसलेला ठोसा हलका असला तरी भल्या भल्यांना आडवे करतो. म्हणून मी नव्या पोरासमोर उभा राहून ग्लोव्ह त्याच्या भुवईपासून बोटभर अंतरावर आणून थांबवितो, पुनःपुन्हा थांबवितो, आणि त्या वेळी माझे लक्ष केवळ त्याच्या पापण्यांकडे असते. ज्या दिवशी त्या मिटेनाशा होतात, त्या दिवसापासून त्याचे शिक्षण सुरू झाले असे मी समजतो.

शिरस्त्राणाचा भरवसा देणारेही भेटतात. १९८४ च्या ऑलिम्पिकपासून सक्तीचे झालेले ते शिरस्त्राण २०१३ साली वरिष्ठ पुरुषांच्या स्पर्धांतून काढून टाकण्यात आले आणि २०१६ साली रिओला पुरुष उघड्या डोक्याने लढले. कातडी फाटण्यापासून ते वाचविते. आतल्या मेंदूचे फिरणे त्याने थांबत नाही.

ज्याची हनुवटी निसर्गतःच चिवट, त्याची मला अधिक काळजी वाटते, कारण जो पडत नाही तोच अधिक ठोसे खातो. न्यू जर्सीतील हॅरिसन मार्टलंड या विकृतिशास्त्रज्ञाने १९२८ सालीच, वर्षानुवर्षे डोक्यावर मार घेतलेल्या योद्ध्यांच्या अडखळत्या चालीचे आणि मंदावलेल्या बुद्धीचे वर्णन करून ठेवले होते. लोक किन्शासाचा दाखला देतात: १९७४ साली तेथे दोरांना रेलून मुहम्मद अलीने जॉर्ज फोरमनचा मार पचविला आणि आठव्या फेरीत त्यालाच पाडले. त्या लढतीत अलीने बहुतेक ठोसे हातांवर आणि अंगावर घेतले होते, हे सांगायचे मात्र राहून जाते. आणि दहाच वर्षांनी, ४२ व्या वर्षी, त्याला पार्किन्सनची व्याधी असल्याचे निदान झाले, हेही.

दुसरा दाखला येतो मुरलीकांत पेटकरांचा. पेठ इस्लामपूरचा हा लष्करातला मुष्टियोद्धा १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्याने सुवर्णपदक मिळविले. तेव्हा पोराला सोसू द्या, असे बाप मंडळी मला बजावितात. पेटकरांविषयी माझ्या मनात अपार आदर आहे. परंतु ओढवलेल्या संकटाला सामोरे जाण्याचे ते धैर्य होते. संकट मुद्दाम पोराच्या जबड्यावर आणून ठेवण्यास तो दाखला लागू पडत नाही.

आमच्या शेडमध्ये एक नोंदवही आहे. डोक्यावरच्या ठोशाने जो पडला, अथवा न पडताही ज्याची नजर क्षणभर भिरभिरली, त्याचे नाव तीत लिहिले जाते आणि निदान ३० दिवस त्याला समोरासमोरच्या सरावाची मनाई असते. त्या मुदतीत जिल्ह्याची निवड चाचणी आली आणि बापाने हात जोडले, तरी नोंदीत फेरफार होत नाही. मागे एका विडी कामगार बाईने मला विचारले, "मास्तर, महिनाभर पोरगं नुसतंच बसणार, तर धाडू कशाला?" मी म्हणालो, बसून तो इतरांचे खांदे पाहील, ठोसा मुठीच्या आधी खांद्यात हलतो आणि दोराबाहेरून ते अधिक स्वच्छ दिसते.

"मग पुढं बसवा त्याला," ती म्हणाली, "मागून काय दिसणार?"