जप्त केलेली वही

चित्रमय पुस्तके म्हणजे अभ्यासचुकारांची करमणूक, असे आमचे बरीच वर्षे ठाम मत होते. त्या मतास अनुसरूनच, भूगोलाच्या तासाला चित्रे काढीत बसलेल्या आठवीतील एका वसतिगृहवासी मुलाची वही आम्ही हिसकावून घेतली व कपाटात टाकली. उघडूनही पाहिली नाही.

पुढे दिवाळीच्या सुटीत जळगावास गेलो असता एका स्नेह्याने मार्जान सत्रापी या इराणी बाईंचे 'पर्सेपोलिस' हाती ठेविले. १९७९ ची राज्यक्रांती, मागाहून इराकशी युद्ध, आणि १९८३ साली चौदा वर्षांच्या मुलीस आईबापांनी एकटीच व्हिएन्नास धाडणे, हे स्वतःचे बालपण बाईंनी काळ्यापांढऱ्या चौकटींत रेखाटले आहे. देहदंडापूर्वी तुरुंगात काका लाडक्या पुतणीस पावाचा हंस करून देतो. त्या चित्रापाशी आम्ही फार वेळ थांबलो, आणि कपाटातील वही आठवली.

धुळ्यास परतताच ती उघडली. नदी, उतारावरची कुडाची घरे, मोहाचे झाड. पानागणिक पाणी चढत गेलेले, शेवटच्या पानावर नुसते पाणी. मुलास बोलावून विचारले. तो म्हणाला, "सर, हे बाबांचे गाव. मी पाहिलेले नाही."

अक्राणी-अक्कलकुव्याची नर्मदाकाठची गावे १९९८ पर्यंत आपल्याच धुळे जिल्ह्यात मोडत. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातील तेहतीस गावे बाधित झाली. कित्येक कुटुंबे तळोद्याकडे सपाटीवर वसविली गेली. वर्गात हे आम्ही दोन वाक्यांत उरकीत आलो होतो. याच नर्मदेच्या प्रश्नावर ओरिजित सेन यांनी १९९४ साली 'रिव्हर ऑफ स्टोरीज' हे चित्रमय पुस्तक केले, त्याचीही आम्हांस वार्ता नव्हती. आणि बापाच्या आठवणी मुलाने चितारणे तर नवलाचे नव्हेच. अमेरिकेतील आर्ट स्पीगलमन यांनी आपल्या ज्यू पित्याची नाझी राजवटीतील हकीकत 'माउस'मध्ये तशीच मांडली आहे.

वही परत देताना आम्ही मुलाची क्षमा मागितली. (गुरुजींनी असे करावे काय, यावर शिक्षकांच्या खोलीत बरीच चर्चा झाली, असो.) तो काही बोलला नाही. नाताळच्या सुटीनंतर घरून आला, तेव्हा वही आपण होऊन दाखविली. पहिल्या पानावरील मोहाचे झाड खोडून घराच्या डाव्या अंगास काढले होते.

"बाबांनी पाहिले, सर," तो म्हणाला. "झाड इकडे होते."