यकृतातील गाठ आणि सीटीच्या तीन वेळा

यकृताला रक्त दोन वाटांनी मिळते. सुमारे पाऊण हिस्सा आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून येतो, उरलेला पाव यकृत-रोहिणीतून. यकृतपेशींचा कर्करोग मात्र आपले जवळजवळ सगळे रक्त रोहिणीकडूनच ओढून घेतो. कॉन्ट्रास्ट सीटीची सारी मदार या फरकावर आहे.

साध्या सीटीत निरोगी यकृताची घनता साधारण ५५ ते ६५ हाउन्सफिल्ड एकके भरते; पाण्याची शून्य. गाठीची घनताही तितकीच असेल, तर ती समोर असूनही दिसत नाही. तरी साधा स्कॅन वगळू नये. चुन्याचे साठे आणि ताजा रक्तस्राव त्यातच ओळखू येतो. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ. ज्यांना वारंवार रक्त चढवावे लागते, त्यांच्या यकृतात लोह साचून ते साध्या स्कॅनमध्येच जास्त पांढरे दिसते. हे आधी पाहिले नाही, तर पुढच्या चित्रांचा अर्थ चुकतो.

त्यानंतर दंडाच्या शिरेतून आयोडीनयुक्त औषध (कॉन्ट्रास्ट) सोडले जाते, सेकंदाला ३ ते ५ मिली अशा वेगाने. साधारण ३५ सेकंदांनी रोहिणीचा टप्पा येतो, ७० सेकंदांच्या सुमारास पोर्टल शिरेचा आणि ३ ते ५ मिनिटांनी विलंबित टप्पा. हृदय अशक्त असेल तर औषध उशिरा पोहोचते. म्हणून घड्याळावर विसंबण्यापेक्षा महारोहिणीत औषध आलेले पाहून यंत्र सुरू करणे चांगले. सीटीचे जनक हाउन्सफिल्ड यांच्या यंत्राने १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाचा मेंदू टिपला, तेव्हा एकेका छेदाला काही मिनिटे लागत. आता एका श्वासात संपूर्ण यकृत टिपता येते. त्यामुळेच हे टप्पे वेगळे काढता येऊ लागले.

सिरोसिस किंवा जुनाट हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णात १ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ रोहिणीच्या टप्प्यात उजळली आणि नंतरच्या टप्प्यांत औषध सोडून देऊन भोवतालच्या यकृतापेक्षा काळी पडली, तर यकृतपेशींच्या कर्करोगाची शंका फार बळावते. गाठीभोवती उशिरा उजळणारे कवच दिसले तर आणखीच. आकार आणि ही लक्षणे ठरलेल्या निकषांत बसली, तर सुईने तुकडा न काढताही निदान निश्चित मानले जाते. घन गाठींच्या बाबतीत ही सवलत विरळाच मिळते. पण ती अशा जोखमीच्या रुग्णांपुरतीच आहे. निरोगी यकृतात तेच चित्र दिसले, तरी तोच निष्कर्ष काढू नये.

हिमँजिओमा ही रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ वेगळी वागते. आधी कडेला तुटक ठिपके उजळतात, मग ती हळूहळू आतल्या बाजूला भरत जाते आणि औषध धरून ठेवते. आतड्याच्या कर्करोगातून आलेल्या दुय्यम गाठी पोर्टल टप्प्यात काळ्या उठून दिसतात. पित्तनलिकांच्या कर्करोगात तंतुमय भाग जास्त असल्याने तो उशिरा उजळतो. फक्त एकाच टप्प्याचा स्कॅन करणे म्हणजे यातला निम्मा पुरावा टाकून देणे होय. झरी जामणी किंवा उमरखेडहून यवतमाळला येणारा रुग्ण दिवसाची मजुरी बुडवून येतो. अर्धवट तपासणी पुन्हा करायला लावणे त्याच्यावर अन्याय आहे. चिठ्ठीवर नुसते ‘सीटी पोट’ न लिहिता सिरोसिस आहे का, ताप आहे का, सोनोग्राफीत काय दिसले, हे लिहिले तर टप्पे नीट ठरवता येतात.

यवतमाळसारख्या ग्रामीण जिल्ह्यात प्रत्येक गाठ कर्करोगाची असेल असे मानणे चूक आहे. ताप, उजव्या बरगडीखाली दुखणे आणि बहुधा दारू पिणारा पुरुष, असे असेल तर आधी अमीबाच्या गळवाचा विचार करावा. त्यात मधला पू काळा राहतो, भोवतीची भिंत उजळते आणि तिच्याबाहेर सुजेचे काळसर कडे दिसते. बहुतेकदा सोनोग्राफी पुरते. गळू फुटले किंवा निदान अडले तर सीटी. शेळ्या-मेंढ्या आणि कुत्री यांच्या सहवासातून होणाऱ्या हायडॅटिड गाठीत मोठ्या पिशवीच्या आत लहान पिशव्या किंवा सुटलेला पडदा दिसतो. कर्करोग समजून तिला बेसावध सुई टोचली, तर द्रव सांडून तीव्र ॲलर्जी होऊ शकते.

औषध देण्यापूर्वी क्रिएटिनिन पाहणे आणि पूर्वीची ॲलर्जी व गर्भधारणा यांबद्दल विचारणे अनिवार्य आहे. मूत्रपिंडे फार अशक्त असतील, तर मधुमेहावरचे मेटफॉर्मिन थांबवावे लागते. सिकलसेलच्या रुग्णाला तहानलेले ठेवू नये. उन्हाळ्यात लांबून आलेल्याच्या बाबतीत हे आवर्जून पाहावे.

१ सेंटिमीटरपेक्षा लहान गाठींपुढे सीटीचे बळ कमी पडते. तिथे एमआरआय किंवा काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन, हा मार्ग उरतो. त्या वेळी जुन्या फिल्म किंवा सीडी बरोबर हवी, कारण गाठ वाढली की तशीच आहे, हे तुलनेनेच ठरते. सिरोसिसच्या रुग्णाची नियमित पाहणी मात्र दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीनेच करावी. सीटी त्यात काही संशयास्पद सापडल्यावर.