चारकोपच्या चिखलातले पाहुणे

कांदिवली म्हटलं की लोकांना स्टेशन, रिक्षाची रांग आणि महावीर नगरची खाऊगल्ली आठवते. इथे खाडी आहे हे खुद्द कांदिवलीकरांच्याही फारसं लक्षात येत नाही. चारकोपच्या शेवटच्या सेक्टरांच्या पुढे इमारती संपतात आणि तिवरं सुरू होतात. तिवरांच्या पलीकडे चिखल आणि चिखलापलीकडे गोराई. डिसेंबर-जानेवारीत या चिखलाला भाव येतो, माणसांच्या नव्हे, पक्ष्यांच्या लेखी.

गेल्या थंडीत बहिणीच्या मुलाला घेऊन गेलो. वय वर्षं अकरा. त्याला पोपट पाळायचा होता. गल्लीतल्या कुणीतरी पिंजऱ्यासकट देतो म्हटलेलं. १९७२च्या कायद्याने आपला पोपट पाळणं गुन्हा आहे हे मी सांगितलं, तर तो म्हणाला, "मामू, सगळेच पाळतात." यावर उत्तर नव्हतं. म्हटलं, आधी मोकळे पक्षी बघू, मग बोलू.

दिवस निवडायला कोळ्यांचा हिशोब उपयोगी पडतो. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते. पुनवेला म्हणजे साडेअकरा-बाराला भरती आणि पहाटे ओहोटी. आपल्याला तिथी पाहायचीही गरज नाही, चांदाची चौदा-पंधरा तारीख म्हणजे तेच. खाडीला दोन्ही पंचांगं सारखीच. फजर पढून निघालं की उजाडताना चिखल उघडा मिळतो आणि मग पाणी चढत जातं तसे पक्षी आपोआप काठाकडे सरकतात. आपण फक्त गप्प उभं राहायचं. मुलांना तेच सर्वांत अवघड जातं.

पहिल्यांदा दिसले शेकाटे. लाल काटकुळ्या पायांवर, जणू पायजमा वर धरून चालल्यासारखे. मग राखी बगळा, पाणकावळे, तिवराच्या फांदीवर काळ्या टोपीचा खंड्या. आणि चिखलावर उंदरासारखी पळणारी चिमुकली पाखरं. ती टिलवा. वजन पंचवीस-तीस ग्रॅम, म्हणजे एका बिस्किटाच्या छोट्या पुड्याहूनही कमी. घरटी बांधतात थेट उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात आणि थंडी काढायला येतात आपल्या नाल्याच्या तोंडाशी. भाच्याने विचारलं, "यांना इथलंच का आवडतं? वास येतो की!" वास येतो तिथेच किडे-अळ्या असतात, हे उत्तर त्याला मुळीच पटलं नाही.

तेवढ्यात जवळच्या एका बांधकामाचा सुरक्षारक्षक आला. दुर्बीण कशाला, फोटो कशाचे, नाव काय. नाव सांगितलं. त्याने ते दोनदा विचारलं आणि वहीत लिहून घेतलं. शेजारीच एक गृहस्थ लांब लेन्सचा कॅमेरा लावून उभे होते, त्यांना काही विचारलं नाही. भाचा माझ्या तोंडाकडे बघत होता. मी दुर्बीण रक्षकाला दिली. त्याने खंड्या पाहिला, "अरे, एवढा निळा!" म्हणाला आणि बराच वेळ परत देईना. वहीतलं नाव मात्र वहीतच राहिलं.

परतीच्या वाटेवर भाच्याला सलीम अलींची गोष्ट सांगितली. खेतवाडीत मामांच्या घरी वाढलेला पोरका मुलगा. त्याने छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही खायला चालते का, म्हणून तो मामांकडे, अमीरुद्दीन तय्यबजींकडे गेला. मामांनी त्याला १९०८ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलर्डसाहेबांकडे पाठवलं. तिथून जे सुरू झालं ते १९४१च्या त्यांच्या पक्ष्यांच्या पुस्तकापर्यंत आणि त्याच्याही खूप पुढे गेलं. त्यांचे नात्यातले हुमायून अब्दुलअलीही त्याच वाटेचे. २०२२ साली सोसायटीने ठाणे खाडीतल्या काही रोहित पक्ष्यांना उपग्रहाची यंत्रं लावली, त्यातल्या एकाचं नाव हुमायून ठेवलं. तो गुजरातेत भावनगरकडे जाऊन परत ठाणे खाडीतच उतरला.

"त्याला कुणी नाव विचारलं नाही?" भाचा म्हणाला.

मी हसलो. दुसरं काय करणार.

खाडीकडे पाठ करून रस्त्याला लागलो तर मोकळ्या प्लॉटवर, राडारोड्याच्या ढिगाशेजारी, एक तुरेवाला पक्षी लांब चोच मातीत खुपसत होता. हुदहुद! सुलैमान अलैहिस्सलामांना सबाच्या राणीची खबर आणून देणारा, कुरआनातल्या सूरह नम्लमधला. मदरशात नाव पाठ केलेलं, पण पक्षी पाहिलेला नाही, असं आपल्याकडच्या बहुतेकांचं असतं. मुंबईत तो थंडीतच जास्त दिसतो. भाचा इतका स्तब्ध उभा राहिला की सकाळपासून जे जमलं नव्हतं ते जमलं.

तो राडारोडा बघून मात्र घशात काहीतरी अडकतं. वर्सोव्याहून उत्तरेला जाणारा किनारी रस्ता याच पट्ट्यातून आखलाय, चारकोप ते गोराई हा त्याचा एक टप्पा. ट्रॅफिकमध्ये तासन्‌तास मीही अडकतो, रस्ता नको असं म्हणणं सोपं नाही. पण राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून २०२० साली आपण पांढरी चिप्पी निवडली, म्हणजे तिवरांच्याच कुळाबरोबर खाडीत वाढणारं झाड. तोडलेल्याच्या बदल्यात दुसऱ्या जिल्ह्यात रोपं लावली तरी टिलव्याला ते कोण सांगणार? त्याला चारकोपचा चिखल माहीत आहे.

घरी आल्यावर भाच्याने वहीत यादी केली. पंधरा नावं झाली. हुदहुद सर्वांत वर, दुहेरी रेघ मारून. पोपटाचा विषय त्या दिवशी निघाला नाही. पुढच्या चांदाची पंधरा तारीख रविवारी येते का, एवढंच त्याने विचारलं.